चिरेच्या शंखाचा ठावठिकाणा

आमच्या पांगलाव बेटाच्या किनाऱ्यावर कुणाला "काल जाळं कुठं टाकलं होतं?" असं विचारणं म्हणजे बाईला वय विचारण्यासारखं. विचारू नये, आणि विचारलंच, तर खऱ्या उत्तराची आशा धरू नये. पाद्रीबाबा नवे आले तेव्हा दुसऱ्याच रविवारी वैतागून म्हणाले होते, "बाबांनो, कबुली द्यायला येता तेव्हा बायकोवर हात उगारला असेल तर सांगा, शेजाऱ्याचा कोंबडा पळवला असेल तर सांगा. जाळ्याच्या जागेचं खोटं मला ऐकवत बसू नका, रांग पार विहिरीपर्यंत जाते. फक्त देवाची शपथ घेऊन खोटं बोलू नका, म्हणजे मिळवली." तेव्हापासून गाव बिनघोर खोटं बोलतं आणि शपथेच्या वाटेला जात नाही.

या सगळ्या थापाड्यांचा मुकुटमणी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमादेओ गुमापाक. गाव त्यांना नोय देयो म्हणायचं. नोय म्हणजे मोठा भाऊ. मोठ्या बहिणीला मानांग म्हणतात, म्हणून माझी बहीण ती मानांग सुला. आणि मी चारिंग. वळणावरचं दुकान माझं. तेल, मीठ, साबण, माडी, सगळं मिळतं, उधारी सोडून.

नोय देयो मागणी घालायला आले तेव्हाची गोष्ट. आमचा बाप स्वतः जाळ्यात हाडं झिजवलेला. त्यानं माडीचा पेला पुढे सरकवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरा, तू जाळं कुठं टाकतोस?" नोय देयोंनी पेला रिकामा केला, तोंड पुसलं, आणि ओठांचा चंबू करून पश्चिमेला दाखवलं. बोटानं दिशा दाखवणं आमच्याकडे उद्धटपणाचं, ओठांनी दाखवतात. "बालिकासाग बेटाच्या पलीकडं, बापा." त्यांची होडी रोज पूर्वेकडून परत येते हे बापानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भावी सासऱ्याला तोंडावर थाप मारली, आणि डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही! बापानं आत आईला हाक मारली, "अगं, कोंबडी काप. पोरगा संसार करील."

संसार केला त्यांनी. मासळीच्या जाळ्यापेक्षा खोल पाण्यातल्या शंखांचं जाळं वेगळं. जुन्या फाटक्या जाळ्यांना दगड बांधायचे, शंभर-दीडशे वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर) खाली सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी हातानं ओढून काढायचे. अंधारात सरपटणाऱ्या गोगलगायी त्यात गुरफटून वर येतात. होडीतला माणूस ओढून ओढून अर्धमेला होतो, किनाऱ्यावर येऊन झाडाखाली आडवा पडतो, आणि मग बायका जाळ्याच्या गुंत्यातून एकेक शंख सोडवत बसतात. मानांग सुलानं नोय देयोंचं जाळं सोडवण्यात अर्धं आयुष्य घालवलं. तिलासुद्धा त्यांनी कधी जागा सांगितली नाही. आणि तिनंही कधी विचारलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "अगं, बायको ना तू? विचार की!" तर ती म्हणाली, "तू तुझ्या माडीत पाणी किती घालतेस, ते तुझ्या नवऱ्याला सांगतेस का?"

एक गोष्ट मात्र नोय देयोंची सगळ्या गावाला ठाऊक होती. लांबून दमून आले की ते गावासमोरच, जिथं कडा एकदम तुटून पाणी काळं होतं ना, तिथं होडी थांबवायचे आणि तासन् तास जाळं पाण्यात वरखाली करत बसायचे. "काय नोय, घर समोर दिसतंय, अन् तिथं काय करता?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "जाळं धुतो. चिखलाचं जाळं घरी नेलं तर सुला डोकं खाते." सगळे हसायचे. काय हा बायकोला भिणारा नवरा, म्हणायचे. तेरॉय तर बायकोला उदाहरण द्यायचा, "बघ, ती बाई कशी नवऱ्याला धुणं धुवायला लावते!"

तेरॉयचं आता सांगायलाच हवं. नोय देयोंच्या बरोबरीचा, शेजारचा, तोंडानं फाटका. पोरं आठ. ते असो, पोरं काय, देव देतो. पण एके वर्षी त्याच्या जाळ्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक गोगलगाय सापडली. रंग म्हणाल तर उंदराच्या लेंडीसारखा. ती कुण्या परदेशी पंडितानं पाहिली, म्हणाला ही जातच नवी आहे, आणि तिला तेरॉयचं नाव देऊन मोकळा झाला. माणसाच्या नावाच्या शेपटीला एक 'ई' जोडतात, झालं. तेरॉयी! त्यानं ते होडीवर लाल रंगात लिहून घेतलं. पुढं झालेल्या मुलीचं नाव तेच ठेवायला निघाला होता, पाद्रीबाबांनी अडवलं म्हणून ती बिचारी वाचली.

आणि मग माझ्या दुकानासमोरच्या बाकावर, माडी चढली की, तेरॉयचं सुरू व्हायचं. "देयो, अरे माझं बघ. मी मेलो तर आठ जणं नाव लावणारी. वर जगभरच्या पुस्तकांत एक शंख. तुझं काय? तुझं नाव कशावर लिहायचं? जाळ्यावर? तेही धुऊन धुऊन विटलंय."

नोय देयो सगळ्यांच्या बरोबर हसायचे. पेला खाली ठेवून घरी जायचे. एकदा मी मानांगबरोबर जाळं सोडवायला बसले होते, ते झाडाखाली आडवे पडले होते, मला वाटलं झोपलेत. एकदम म्हणाले, "सुला, एक तरी चिरेचा शंख मिळायला हवा. नव्या जातीचा. माझ्यामागं माझं नाव घेणारं काहीतरी राहील."

मानांग सुला म्हणाली, "मिळेल. झोप."

तिचं दुःख तिनं कधी असं उघड्यावर मांडलं नाही. आमच्या देवळातल्या बाळ येशूच्या मूर्तीचे कपडे ती शिवायची. दर जानेवारीत जत्रेला नवा झगा, मखमली अंगरखा, इवलेसे मोजे. मूर्तीला ते स्वतःच्या हातानं घालायचा मान तिचा. गावात एवढ्या लेकुरवाळ्या, पण तो मान कुणी तिच्याकडून कधी मागितला नाही. तेवढी रीत आमच्या गावाला आहे.

आणि खरंच मिळाला की! ज्या साली मिळाला त्या साली जत्रा तोंडावर आली होती. मानांगनं जाळ्यातून हात बाहेर काढला तो ओंजळीत मावेना एवढा शंख. भोवऱ्यासारखा वर निमुळता, अंगावर केशरी-तांबडे फराटे, आणि शेवटच्या वेढ्याला, ओठापासून आत गेलेली सरळ चीर. आतला जीव जिवंत होता. बोट लागल्याबरोबर दुधासारखं पांढरं काहीतरी सोडलं त्यानं.

"अगं बाई, फुटका!" मीच ओरडले.

नोय देयो झाडाखालून असे उठले की मला वाटलं साप बघितला. "फुटका नाही ग चारिंग! चीर हीच त्याची शान. आत घेतलेलं पाणी त्या फटीतून बाहेर टाकतो तो." आणि मग शंख उलटासुलटा करून बघायला लागले. चिरेचे शंख आमच्याकडे क्वचित मिळतात, चार-पाच वर्षांतून एखादा. पण हा त्यांतलाही नव्हता. चीर आखूड, बुडाचं भोक बुजलेलं, आणि फराटे वेगळेच.

सेबू शहरातून पान्यांग मॅडम आल्या. शंखांच्या व्यापारी, हातात चार अंगठ्या, जिभेला हाड नाही. त्यांनी शंख पाहिला, आपलं जाडं पुस्तक पाहिलं, परत शंख पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प झाल्या. आठवड्याभरात जपानहून प्रोफेसर कुरामोचींना घेऊन हजर.

माझ्या दुकानाच्या अंगणात सगळं गाव लोटलं. प्रोफेसर सडपातळ, टोपी घातलेले, प्रत्येकाला वाकून नमस्कार करणारे. शंख त्यांनी तान्ह्या बाळासारखा हातात धरला आणि हळू आवाजात बोलत राहिले. पान्यांग मॅडम आमच्या भाषेत सांगत होत्या. "म्हणतात, या चिरेच्या शंखांचं कुळ फार जुनं. पूर्वी ते फक्त दगडात उमटलेले सापडायचे. शहाण्यासुरत्या लोकांनी धरून ठेवलं होतं, की कुळ बुडालं. आणि हे आपले खोल अंधारात, कुणाला पत्ता न देता, मजेत जगत होते."

"म्हणजे आमच्या देयोसारखेच!" तेरॉय ओरडला. अंगण हसलं.

"म्हणतात, ही जात नवीन आहे. जगात कुठंच नोंद नाही. ज्याला सापडली त्याचं नाव देणार. आमादेओ... आमादेओई." पान्यांग मॅडमनी ते नाव असं उच्चारलं, की नोय देयोंनी टोपी काढून हातात घेतली. "पण एक अट आहे म्हणतात. जागा खरी सांगायची. ज्या शंखाची जागा माहीत नाही तो नुसता कपाटातला दागिना, त्याला नाव देता येत नाही. तर सांगा नोय, कुठं मिळाला?"

सगळं गाव नोय देयोंकडे बघत होतं. आणि काय सांगू तुम्हाला! त्या माणसाच्या जन्माचं सोनं व्हायची वेळ, समोर वाट बघत बसलेला प्रोफेसर, आणि यांच्या ओठांचा झाला चंबू. पश्चिमेला. "बालिकासागच्या पलीकडं."

मी कपाळाला हात लावला.

प्रोफेसर भला माणूस. त्यानं तेरॉयची होडी ठरवली, स्वतः बसून बालिकासागच्या पलीकडं गेला, जाळी टाकली, ओढली. दगड मिळाले. छान गोल दगड होते. परत येऊन अत्यंत अदबीनं विचारलं, जागेत काही चूक तर झाली नाही ना? नोय देयो म्हणाले, "हां हां, आता आठवलं. पूर्वेला. दोन बेटांच्या मधला कडा." प्रोफेसर पूर्वेला गेले. तिथं त्यांचं जाळं फाटलं, त्यांना उलट्या झाल्या, आणि तेरॉयनं त्यांना उचलून किनाऱ्यावर आणलं.

पान्यांग मॅडम दुकानात येऊन तडतडल्या. "चारिंग, तुझा मेव्हणा माणूस आहे की काय आहे? मी प्रोफेसरांना सांगून टाकलंय, या गावात पुरुषांच्या बोलण्यावर जायचं नाही, चोराच्या वाटा चोराला ठाऊक. उद्या दुपारच्या बोटीनं ते परत चालले. नाव देतील, पण याचं नाही."

संध्याकाळी नोय देयो आले. बाकावर न बसता आत येऊन मिठाच्या पोत्यावर बसले.

"चारिंग, मी काय करू? सांगायचं ठरवून तोंड उघडतो, आणि ओठ आपोआप दुसरीकडे वळतात."

"मग हातानं धरून सरळ करा! नोय, एवढा सोन्यासारखा दिवस, आणि तुम्ही त्या गरीब जपान्याला समुद्रभर हिंडवताय?"

"जागा सांगितली की संपली ग. उद्या सकाळी तेरॉयची आठही पोरं तिथं."

"तेरॉयची पोरं तुम्ही मेल्यावर तुमचं नाव घेणार आहेत का? तुम्हाला हवंय काय नक्की, जागा की नाव? दोन्ही हवं असेल तर जा, भिंतीवर डोकं आपटा."

ते बराच वेळ पोत्यावर बोटानं रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "नाव." आणि उठून गेले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोपाचं जेवण माझ्याकडेच होतं. माडाच्या पातीत शिजवलेला भात, भाजलेली मासळी, व्हिनेगरातली कच्ची मासळी. मानांग सुला मागच्या चुलीपाशी तळत बसली होती, तेलाच्या आवाजात तिला कशाचा पत्ता नव्हता. बाहेर नोय देयो उभे राहिले. टोपी हातात. घाम फुटला होता. आणि सगळ्या गावासमोर, तेरॉयसमोर, त्याच्या आठ पोरांसमोर, त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं.

"तिथं." ओठ नाही, चक्क बोट. समोरच्या पाण्याकडे. "गावासमोरच्या कड्याखाली. दगडी बुरूज आणि देवळाचा क्रूस एका रेषेत आला, की तिथं."

मग तेरॉय असा हसला की बाकावरून पडला. "तिथं? अरे मेल्या, तिथं तू जाळं धुतोस!"

"धूत नव्हतो. ओढत होतो."

"माझी बायको तिथं भांडी घासते! चिरेचा शंख म्हणे! घे, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" अंगण गदगदा हसत होतं. बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "देयो, ही तुझी आजवरची सगळ्यात मोठी थाप!" आणि टाळ्या वाजवल्या. कौतुकानं हो! नोय देयो ओरडत होते, "अरे खरंच! खरंच सांगतोय!" ते जितके ओरडत होते तितकं गाव हसत होतं.

प्रोफेसर बिचारे गोंधळले. त्यांनी पान्यांग मॅडमच्या कानात काही विचारलं. मॅडम म्हणाल्या, "विचारतात, जाळं सोडवतं कोण? बायको ना? तिला बोलवा. बाई खरं सांगेल."

मानांग सुला तळणी उतरवून, हात पुसत बाहेर आली. तिला दिसलं ते एवढंच: सगळं गाव हसतंय, आणि नवरा घामानं निथळत, डोळे फाडून तिच्याकडे बघतोय. त्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं: सुला, सांग ग, सांगून टाक. आणि तिला त्यात काय दिसलं तेही मला दिसत होतं. तिला वाटलं, माझा नवरा घाबरलाय, मी तोंड उघडीन म्हणून.

"मानांग सुला," पान्यांग मॅडम म्हणाल्या, "हा शंख तुम्ही जाळ्यातून काढलात. तुमच्या नवऱ्यानं जाळं कुठं टाकलं होतं? आणि शपथ घ्यायची."

"शपथ?" ती एकदा थांबली.

माझ्या फळीवर तेलाच्या बाटल्यांशेजारी बाळ येशूची छोटी मूर्ती असते. ती चार पावलं चालत गेली आणि त्या मूर्तीवर हात ठेवला. "कबिलाव बेटापाशी," ती खणखणीत म्हणाली. "उत्तरेच्या अंगाला. होडी परतायला दिवस मावळायचा."

"सुला!" नोय देयो ओरडले.

ती त्यांच्याकडे वळली आणि कुणाला दिसणार नाही अशी मान हलवली. काळजी करू नकोस, म्हणून.

प्रोफेसरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ते उठले, मानांग सुलासमोर कमरेत वाकले, आणि पुटपुटले. पान्यांग मॅडमनी सांगितलं, "म्हणतात, या गावात एक तरी माणूस खरं बोलणारं आहे. शंखाला हिचं नाव देणार. सुलाई." गावानं परत टाळ्या वाजवल्या. मानांग सुला लाजली, आणि आधी नवऱ्याकडे बघितलं, म्हणजे आता तो खूष असणार ना, म्हणून. नोय देयोंनी टोपी डोक्यावर घातली.

बोट गेली. अंगण रिकामं झालं. मागं चुलीपाशी आम्ही तिघंच होतो, ती भांडी विसळत होती.

"सुला, मी खरं सांगितलं होतं," नोय देयो म्हणाले. "तू बाहेर यायच्या आधी. समोरची जागा. सगळ्यांसमोर."

तिचा हात पाण्यात तसाच राहिला. "काय म्हणतोस?"

"माझं नाव मिळावं म्हणून."

"अरे देवा." ती खालीच बसली. "अरे देवा, देयो! मग तू मला खूण का नाही केलीस?"

"केली की."

मग नोय देयोंनी विचारलं, "पण तुला खरंच कबिलाव वाटत होतं?"

"वेडा आहेस का? समोरच टाकत होतास." तिनं भांड्यांतून एक वाकलेला ॲल्युमिनियमचा डाव उचलला. "लग्नानंतरच्या दुसऱ्या साली घासता घासता हा लाटेत गेला माझ्या हातातून. आठवड्यानं तुझ्या जाळ्यात गुरफटून परत आला. तू झाडाखाली घोरत होतास. मी धुतला आणि लावला कामाला. तेव्हापासून याच डावानं तुला भात वाढतेय."

नोय देयो त्या डावाकडे बघत राहिले. "आणि मला कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तू लपवत होतास, मी लपवू देत होते." तिनं डाव परत पाण्यात बुडवला. "घरात दुसरं काय होतं रे आपल्याला जपायला?"

मी तोंड फिरवून तळणी घासायला घेतली. रडायला येत होतं मला, आणि ते त्या दोघांसमोर नको होतं.

ती म्हणाली, उद्याच पाद्रीबाबांना सांगते, शपथ खोटी होती. नोय देयो म्हणाले, जत्रा होऊ दे. खोटी शपथ घेतलेल्या बाईनं मूर्तीला झगा घालायचा नसतो. ते न बोलता तिघांनाही कळत होतं. जत्रा झाली. तिनं झगा घातला, पण त्या वर्षी तिचे हात मूर्तीला लागताना बिचकत होते. माझ्या लक्षात आलं, गावाच्या नाही. गाव तिला आता "खरं बोलणारी मानांग" म्हणायला लागलं होतं. भांडण झालं की बायका निवाड्याला तिच्याकडे यायच्या. तिला घास गिळवत नव्हता.

मग पान्यांग मॅडम परत आल्या. "सगळं छापायला चाललंय. प्रोफेसरांना त्याच जागेचा आणखी एक शंख हवाय. आणि नोय, तुम्हाला अजून काही सांगायचं असेल तर आत्ताच. नाव अजून बदलता येतं."

नोय देयो दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. कुठं ते मी पाहिलं. दुकानाच्या दारातून दिसतं. दुपारपर्यंत जाळं "धूत" होते. किनाऱ्याला लागले तेव्हा हातात तोच, तसाच शंख. ओला, केशरी, चिरेतून दूध गळतंय. पुरावाच की हातात! पान्यांग मॅडम धावत गेल्या, मागून तेरॉय, मागून निम्मं गाव.

मानांग सुला आधीच पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी होती. नवरा होडीतून उतरला तसं ती हळूच म्हणाली, "सांग तिला, देयो. बुरूज आणि क्रूस. मी पाद्रीबाबांना सांगेन, झग्याचा मान जाईल तर जाऊ दे. तुझं नाव तुला मिळू दे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग शंखाकडे. इतका वेळ बघितलं, की पान्यांग मॅडमचा धीर सुटला.

"बोला की नोय! कुठं मिळाला?"

नोय देयोंनी शंख त्यांच्या हातात दिला.

"सुला म्हणाली तिथंच," ते म्हणाले.